फ्रिजवरचं बोलावणं

कनकाला वागायचं कळत नाही. हे मी रागानं म्हणत नाही. राग काल संध्याकाळच्या कापीबरोबर पिऊन झाला, आता उरलं आहे ते नुसतं मत. आपल्या वाजवण्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं करायला ती आठवडाभर तिरुवल्लिकेणीची गल्ली पालथी घालत होती. हातात चांदीचं ताट, तेही माझं, माझ्या कपाटातलं, त्यात कुंकू, अक्षता, विड्याची पानं. देवळाजवळच्या फुलवालीला बोलावलं. इस्त्रीवाल्याला बोलावलं. समोरच्या मॅन्शनमध्ये नोकरीसाठी गावोगावाहून आलेले बिनलग्नाचे पुरुष राहतात, गॅलरीभर बनियनी वाळत घालतात, तिथंसुद्धा ही चढून गेली आणि अस्कट, म्हणजे झाडून सगळ्या, ब्रह्मचाऱ्यांच्या हातावर अक्षता ठेवून आली. आणि मला? मला फ्रिजवर कागद. इंग्रजीत छापलेला, लोहचुंबकाच्या प्लॅस्टिकच्या आंब्याखाली दाबलेला, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी.

नुसती सासू असते तर सोडून दिलं असतं. पण मी तिची आत्याही आहे. माझ्या सख्ख्या भावाची, सेतुमाधवाची, ती मुलगी. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत आत्याच्या मुलाला मुलगी देतात, तशी ती माझ्या वेंकटला दिली. लहानपणी मला ‘तू’ म्हणायची, माझ्या मांडीवर झोपायची; लग्न झालं त्या दिवसापासून ‘तुम्ही’. म्हणजे माहेरच्या बाजूनं माझा मान, सासरच्या बाजूनं माझा मान, आणि हे दोन्ही मान त्या आंब्याखाली लोंबकळत आहेत. वेंकटला मी सकाळीच सांगून टाकलं, “बोलावल्याशिवाय गोदा कुणाच्या दारात पाय ठेवत नाही. बापाच्या ठेवला नाही, सुनेच्या ठेवीन?” तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, “अम्मा, तुम्ही दोघी आणि तुमच्या अक्षता. मी मध्ये पडत नाही.” बापावर गेला आहे. तेही कशातच पडायचे नाहीत.

वर आणखी ती नंदिता. वरच्या मजल्यावर राहते, पुण्याहून आली आहे, नवरा अंबत्तूरला कुठल्याशा कंपनीत. तिची मुलगी सहाना कनकाकडे शिकते. ती आज सकाळी कपाळावर आमच्या ताटातलं कुंकू मिरवत खाली आली. “आजी, किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी जुन्या पोथीसारखं!” हे ती दर भेटीत म्हणते. मी म्हटलं, “पोथीला कोण विचारतं बाई, वर्षाला एकदा उघडतात नि फूल वाहून मिटतात.” ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मग म्हणाली, “तुम्ही तर पहिल्या रांगेत असाल! कनकाताई पहिल्यांदाच पूर्ण कार्यक्रम एकट्या वाजवणार ना? साथीला कुणी नाही, काही नाही.” मी मटार सोलत होते. एक शेंग बोटांत फुटली आणि दाणे फरशीवर पळाले. एकटी वाजवणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर असेल. कागद इंग्रजीत.

तर आता दुपार झाली आहे. कनका निघून गेली, वेंकटनं गाडी काढली, चेलोला मागच्या सीटवर आडवा निजवला, पट्टा बांधला, एखाद्या बाळंतिणीला न्यावं तसं. चेलो म्हणजे थोरला फिडील. आमच्याकडे अजून फिडीलच म्हणतात. खांद्याला लावायचा तो धाकटा, आणि हा थोरला, माणसाएवढा, जमिनीवर लोखंडी खिळा टेकवून गुडघ्यांत धरायचा. जाताना कनका स्वयंपाकघराच्या दारात क्षणभर उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल. ती म्हणाली, “आत्या, गॅस बंद करून ठेवते.” आणि गेली. घर रिकामं झालं. समुद्राकडून वारा आला, फ्रिजवरचा कागद फडफडला, आणि मी भिंतीला पाठ लावून बसले. रोज बसते तशीच. भिंत मात्र मुकी होती.

या भिंतीविषयी सांगितलं पाहिजे. भिंतीच्या या बाजूला माझं स्वयंपाकघर, त्या बाजूला कनकाची खोली, मध्ये एक दार. ती वाजवते तेव्हा दार बंद. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी एकदा म्हटलं होतं, “कनका, दार लावून वाजव गं, दूध उतू जातं.” खरंच जात होतं. का जात होतं ते वेगळं. एकदा म्हटलं, तेवढंच. बाकी मी सांगते त्यातलं ही पोरगी काही म्हणजे काही ऐकत नाही. केसांना तेल लाव म्हटलं, ऐकलं नाही, आमटीत गूळ कमी घाल म्हटलं, ऐकलं नाही. हे एक मात्र इतकी वर्षं इमानानं ऐकते. वाजवायला बसण्याआधी येऊन दार लोटते, कडी घालते. म्हणून मी तिला वाजवताना कधी पाहिलेलंच नाही. शिकवताना दार उघडं असतं, पण तेव्हा पोरं वाजवतात, ती नुसती टाळी देत असते आणि ओरडत असते. तिचं स्वतःचं वाजवणं माझ्याकडे येतं ते विटांतून.

आणि विटांतून येतं म्हणून ते कानात येत नाही, आधी पाठीत येतं. विळीवर नारळ खवायला बसले की कमरेच्या हाडाला एक गुणगुण लागते, मग ती वर चढते, आणि कानाला कळेपर्यंत सगळ्या अंगाला कळलेलं असतं. तिनं सगळ्यात जाड तार ओढली की चेंबूतल्या, म्हणजे तांब्यातल्या, पाण्यावर बारीक वळ उठतो. फळीवर कापीचे पितळी दवरे आहेत, कापी निववायच्या खोलगट वाट्या, त्यातला एक, फक्त एकच, एका ठरावीक सुरावर किणकिणतो. बाकीचे उगे बसून असतात. मी त्याची जागा बदलून पाहिली, पालथा ठेवून पाहिला, तरी तोच बोलतो. आमचे हे आजारी होते तेव्हा त्यांची खाट मी याच भिंतीला लावली होती. दिवसभर डोळे मिटून असायचे. दार लोटल्याची कडी वाजली की एक हात पांघरुणातून बाहेर काढून तळवा भिंतीला टेकवायचे. बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, “आज खालची तार उतरली आहे.” म्हणजे ऐकत होते सगळं. त्या दिवसांत कनका खोलीतून बाहेर यायची, हात धुवायची, त्यांच्या पाठीशी बसून त्यांना पुढ्यात टेकवून धरायची आणि चमच्यानं पाणी पाजायची. तिच्या हातांना राळेचा वास यायचा, गजाच्या केसांना लावतात त्या राळेचा. ते म्हणायचे, “देवळात बसल्यासारखं वाटतं.” ते गेल्यावर दिवस होईपर्यंत वाद्य बंद होतं आणि घर इतकं बहिरं झालं, की मला माझ्याच बांगड्यांची भीती वाटायची.

पण मला मिळतो तो नुसता सराव. सराव म्हणजे काय, हे बाहेर खुर्चीत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नसतं. सराव म्हणजे एकच तुकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच, मग मधूनच दुसरा, मग पहिल्याची शेपटी. बसमध्ये शेजारच्या दोघी बोलत असतात, सुनेनं काय केलं ते रंगात येतं आणि त्यांचा स्टॉप येतो, तशी गत. गेलं वर्षभर ती एका जुन्या जर्मन माणसाचं काहीतरी घोटते आहे, एकट्या चेलोसाठी लिहिलेलं, लांबलचक. त्याचे सगळे तुकडे मी ओळखते. मी त्यांना नावं दिली आहेत. एक तुकडा खालच्या तारेवर पुटपुटत राहतो, काही केल्या गप्प बसत नाही, त्याला मी ‘सासू’ म्हणते. एक मोहरी तडतडावी तसा उड्या मारतो, ती ‘फोडणी’. एक संथ, जड, पाण्यातून बाहेर येणाऱ्या, त्या ‘म्हशी’. आणि एक आहे ‘जिना’. पायरी पायरी चढत जातो, वर, आणखी वर, आता गच्ची येणार, आणि शेवटच्या पायरीवर ती थांबते. दररोज. चुकते म्हणून थांबते का, मला कळत नाही. मला तर काही चुकलेलं ऐकू येत नाही. थांबते, श्वास घेते, खाली येते, पुन्हा चढते, पुन्हा तिथंच थांबते. माझा हात नारळावर तसाच राहतो. वर्षभर मी त्या गच्चीच्या दाराशी उभी आहे. सगळे तुकडे माझ्यापाशी, आणि पूर्ण कापड मी एकदाही पाहिलेलं नाही.

हे वाद्य तिच्या नशिबात कसं आलं, तर बोटांमुळं. सेतुमाधवाचं घर तेव्हा वेपेरीला, चर्चच्या मागं. चर्चमधले एक म्हातारे मास्तर मुलांना फिडील शिकवायचे, पायजम्यावर कोट घालायचे. कनका धाकटा फिडील शिकायला गेली. मास्तरांनी तिचा पंजा आपल्या पंजावर ठेवून मापला आणि म्हणाले, ही लहानाची नाही, ही मोठ्याची. माझी वहिनी विद्यालक्ष्मी रडत माझ्याकडे आली. “वीणा शिकवायची होती हो वन्सं, आता ही पोर पाय फाकून बसणार!” मी म्हटलं, “वहिनी, भांडी घासायला आपण कशा बसतो?” ती रडायची थांबली. मग परीक्षा, लंडनचे कागद, मग सिनेमाच्या स्टुडिओतलं वाजवणं. भल्या पहाटे वडपळनीची बस धरायची, वीस-तीस वादकांच्या रांगेत मागं बसायचं, पुढ्यात ठेवतील तो कागद वाजवायचा, आणि संध्याकाळी काय वाजवलं ते विसरून परत. गाणं बाहेर आलं की चहावाल्याच्या रेडिओवर लागायचं. नायिका गात असायची, बासरी वर नाचत असायची, आणि सगळ्यांच्या खाली, जमिनीखालून पाणी जावं तसं काहीतरी जात असायचं. मी भाजी घेताना थांबायचे. भाजीवालीला म्हणायचे, “ते खाली ऐकू येतं ना, ती आमची कनका.” ती म्हणायची, “मला तर फक्त बाई ऐकू येते, मामी.” मी म्हणायचे, “म्हणूनच तुझी वांगी किडकी.”

मग स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि रांगेतल्या माणसांची बोलावणी कमी झाली. दुसरी असती तर बसून राहिली असती. ही जर्मनीला निघून गेली, वर्षभर, कुठल्याशा थोर बाईंकडे शिकायला. वेंकट म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, मी कोण अडवणारी, मला कोण विचारतं. त्या वर्षी मी भिंतीला पाठ लावायची सोडली, पाटावर मध्येच बसून नारळ खवायचे. परत आली ती केस कापून. आणि खोलीत विद्यार्थी भरले. सहानासारखी पोरं, कॉलेजातल्या मुली, अंबत्तूरहून लोकलनं येणारा एक टक्कल पडलेला इंजिनियर, जो अजून ‘सा’ला घाबरतो. ती त्यांना फाडून खाते. “कान कुठं ठेवून आलास? अंबत्तूरला?” बोलणं माझ्यावर गेलं आहे. हे माहेरकडून आलं की सासरकडून, सांगता येत नाही, कारण दोन्हीकडे मीच.

आणि बोलावणं न करण्याची खोड मात्र कुणाची, देव जाणे. पहिल्या वर्षी, लग्न नवं असताना, तिचा कुठं तरी कार्यक्रम होता, केसांत पिन खोचत म्हणाली, “येता का आत्या?” येता का! हे भाजीला जाताना विचारतात. मी म्हटलं, “पाय दुखतात.” पुढं तेही विचारणं बंद झालं. मला अपमान पटकन कळतो, कारण बोलावण्याचं शास्त्र मी कोळून प्यायले आहे. वेंकटच्या मुंजीत अख्ख्या तंजावरच्या गोताला मी स्वतः जाऊन अक्षत दिली, एक घर चुकवलं नाही. मुंजीच्या दिवशी सकाळी ही विद्यालक्ष्मी वहिनी आली आणि बाहेर ओट्यावर तोंड फुगवून बसली. “सगळ्या जगाला अक्षत आली, आम्हालाच नाही.” पाहुणे ऐकत होते. मी आत जाऊन तुपाची तपेली आणली, तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “घरच्या माणसाला अक्षत देत नाहीत वहिनी, वाढायला लावतात.” ओटा खदखदून हसला. वहिनीनं पदर खोचला, आणि संध्याकाळपर्यंत तीच पंगती वाढत होती. सगळ्या फोटोंत तिच्या हातात तपेली आहे. कनका तेव्हा एवढीशी, उंबऱ्यावर बसून पोळी खात होती, कोपरापर्यंत तूप ओघळलेलं, आणि काही न कळता सगळ्यात जोरात हसत होती. मी काय सांगत होते? हां. अपमान.

उठले. कापी तरी करावी म्हणून उठले, आणि दाराशी ठेच लागली. खाली पाहिलं तर पाट. भिंतीला टेकवून ठेवलेला, पुसलेला, तेल लावून चकचकीत केलेला फणसाच्या लाकडाचा पाट. हा पाट इथं कसा? कनकाच्या वाद्याचा खिळा पहिल्यांदा आमच्या लाल जमिनीवर टेकला तेव्हा घसरला आणि जमिनीला भोक पडलं. अजून आहे ते. मी सकाळी तिथूनच कोलमची रांगोळी सुरू करते, पहिला ठिपका आयता मिळतो. त्या दिवशी मात्र मी देवघरातून हा पाट ओढून आणला. याच्यावर माझं लग्न लागलं, याच्यावर तिचं लागलं. तो तिच्यापुढं आपटला आणि म्हटलं, “याला टोच. माझ्या जमिनीला टोचू नकोस.” तेव्हापासून पाटाचं एक टोक खुर्चीच्या पुढच्या पायांखाली आणि दुसऱ्या टोकाच्या खाचेत तो खिळा. घसरत नाही. वर ती म्हणते, पाटामुळं आवाज भरतो, लाकडाखाली पोकळी आहे ना. चेन्नईत जिथं वाजवते तिथं पाट बरोबर असतो, कापडी पिशवीत घालून आधी पाट गाडीत जातो, मग ती. आज सगळं गेलं, पाट राहिला.

वेंकटला फोन लावला. बंद. देवळातसुद्धा ज्यानं कधी फोन बंद केला नाही, त्यानं आज बंद केला. कनकाचा तर वाजला तो तिच्या खोलीतच, पलंगावर. मी उभी राहिले. डोळ्यांपुढं दिसायला लागलं: चकचकीत स्टेज, ती एकटी, साथीला कुणी नाही, जिना चढते आहे, वर, आणखी वर, आणि खिळा सुर्रकन सरकला. मग मी विचार केला, नीट, शांतपणे. कार्यक्रमाला जाणं वेगळं आणि पाट पोचवणं वेगळं. पाट पोचवणारीला बोलावणं लागत नाही. कुरियरवाल्याला कोण अक्षत देतं? दारात द्यायचा आणि परत फिरायचं. एवढं ठरलं तेव्हा बरं वाटलं. मग मी कपाट उघडलं आणि आर्णीचं मोरपंखी रेशमी लुगडं नेसले. पाट पोचवायला रेशीम कशाला, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, की बाकीची इस्त्रीला आहेत आणि इस्त्रीवाला कार्यक्रमाला गेला आहे.

रिक्षावाल्या तंबीनं पाट पाहिला, रेशीम पाहिलं, केसांतला मोगरा पाहिला. “पाट्टी,” म्हणजे आजी, “लग्न आहे का?” मी म्हटलं, “आहे. मुहूर्त टळला तर तुझ्या डोक्यावर अक्षता टाकीन, हाण.” त्यानं हाणली. मांडीवर पाट, पाटावर हात, वालाजा रोडवर बस आडव्या, कूवम नदीच्या पुलावर नेहमीचा वास, आणि मला लाज वाटावी इतकं हसू येत होतं. कित्येक वर्षांत मी अशी एकटी, घाईनं, कुणासाठी तरी कुठं निघाले नव्हते. वारा लागून डोळ्यांत पाणी येत होतं. पाटाच्या खाचेत माझं बोट बसत होतं; खिळ्यानं ती खाच खोल आणि गुळगुळीत केली होती, इतक्या वर्षांत, सगळ्या ‘सासू’ आणि ‘म्हशी’ आणि ‘फोडण्या’ त्या एका भोकातून लाकडात उतरल्या होत्या. मी बोट तसंच ठेवलं.

एग्मोरचा हॉल. दाराशी काळ्या कपड्यांतली एक पोरगी. “पास, मॅडम?” मी म्हटलं, “हातात पाट आहे तो दिसत नाही?” तिनं असा पास कधी पाहिला नसावा, बाजूला झाली. मागच्या दारानं मला आत नेलं. आणि तिथं, पडद्याआडच्या खोलीत, कनका खुर्चीवर बसली होती. मी दिलेली निळी साडी नेसलेली, गुडघ्यांत चेलो, खिळा हवेत उचलून धरलेला. खुर्चीपुढची जागा रिकामी. वेंकट कोपऱ्यात उभा, छताकडे बघत. तिनं मान वर केली. दचकली नाही, आश्चर्य नाही, ‘अय्यो, राहिला वाटतं’ नाही. एखादी बस वेळेवर यावी तसं माझ्याकडे पाहिलं.

“उशीर केलास,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मी कार्यक्रमाला आलेली नाही. मला बोलावणं नाही. मी पाट द्यायला आले आहे, निघाले.”

“घरच्या माणसाला अक्षत देत नाहीत, आत्या,” कनका म्हणाली. “पाट आणायला लावतात. आण इकडे.”

वेंकट हसला नाही, तो खोकला. मोगऱ्याची एक कळी खांद्यावरून खाली पडली, ती पडताना मला दिसली. उंबऱ्यावर बसलेली ती पोर, कोपरापर्यंत तूप. सगळं ऐकत होती तर, काही न कळता हसणारी ती. वाक्य माझंच, धारही मीच लावलेली. मी वाकले. पाट खाली ठेवला, एक टोक खुर्चीच्या पायांखाली सारलं, खाच तिच्या समोर आणली, पदरानं पुसली. “टोच,” मी म्हटलं.

पहिल्या रांगेत मधली खुर्ची राखून ठेवलेली होती, बसमध्ये रुमाल टाकतात तशी, माझ्या स्वयंपाकघरातलं चौकड्यांचं फडकं टाकून. म्हणजे दोन दिवस मी जे शोधत होते ते. एका बाजूला नंदिता, दुसऱ्या बाजूला सहाना, आणि मागं पाहते तर आमची गल्ली. फुलवाली गजरे माळून, इस्त्रीवाला कडक इस्त्रीत, आणि मॅन्शनमधले ब्रह्मचारी ओळीनं, केसांना पाणी लावून, पोरगी बघायला आल्यासारखे.

पडदा सरला आणि मी तिला वाजवताना पाहिलं. इतकी वर्षं विटांमागं मला वाटायचं, ती त्या धुडाशी झगडत असेल. ती झगडत नव्हती. ती त्याला पुढ्यात टेकवून बसली होती, मान त्याच्या मानेशी, एक हात मागून पुढं आलेला, अगदी जशी यांना धरून बसायची, चमच्यानं पाणी पाजायला. गज जाताना दिसत होता आणि परत येताना दिसत होता. मला ठाऊक नव्हतं की तो इतका सावकाश जातो. आवाज कानात यायच्या आधी पायांत आला, फळ्यांतून, आणि मी ओळखलं, त्यात पाट होता. मग ‘फोडणी’ आली, आणि मी वाट पाहिली की आता थांबेल, परत फोडणीच करील. थांबली नाही. फोडणी पुढं गेली आणि चक्क ‘म्हशीं’ना जाऊन मिळाली! सकाळचं आणि संध्याकाळचं, इडलीच्या वेळचं आणि दिवे लागल्यावरचं, मी वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवलेलं सगळं एकाच घरचं निघालं. माझा हात मांडीवर ताल धरायला लागला. नंदितानं हळूच माझ्या हातावर हात ठेवला. “आजी, यात धरत नाहीत.” मी म्हटलं, “तुम्ही धरू नका.” पहिला भाग संपला आणि मी टाळ्या वाजवल्या. कुणीच वाजवत नव्हतं. सगळं शेवटपर्यंत संपल्याशिवाय वाजवायच्या नसतात म्हणे. मग मागून मॅन्शननं वाजवल्या, दणदणीत, मग इस्त्रीवाल्यानं. कनकानं गज खाली धरून मान फिरवली आणि हसली. तिचं हसणं विटांतून ऐकू येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

आणि शेवटी ‘जिना’ आला. पहिल्या पायरीलाच मी ओळखला आणि सरळ झाले. पायरी, पायरी, वर. माझ्या हातातलं फडकं मुठीत गेलं. मग मला मागची शांतता ऐकू आली, आणि कळलं की मी एकटी नाही. मॅन्शनचे लोकही वर्षभर खिडकीतून हेच ऐकत होते, दात घासताना, बनियन पिळताना. फुलवालीलाही ते खालच्या कट्ट्यावर ऐकू येत होतं. आमची सगळी गल्ली त्या एका पायरीवर रोज थांबत होती आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांनी एकदम श्वास धरला. आणखी वर. शेवटची पायरी. गज तिथं थांबला, असं मला वाटलं, पण तो थांबला नव्हता, नुसता लांबला होता, आणि ती निघून गेली, त्या पायरीवरून, गच्चीत, उघड्यावर, जिथं चारही बाजूंनी वारा, आणि मागच्या रांगेतून एका ब्रह्मचाऱ्याच्या तोंडून निघालं, “अप्पाडा!” सुटलो एकदाचे, तसं. सबंध हॉल हसला, आणि ती त्या हसण्यावरून वाजवत गेली, न थांबता, शेवटापर्यंत. गच्चीपलीकडे काय आहे ते मी पाहिलं. सांगण्यासारखं नाही. मोठं आहे, आणि ऊन आहे.

माणसं उठली, फुलवालीनं आपल्याच केसांतला गजरा काढून चेलोच्या मानेला गुंडाळला. कनका स्टेजवरून उतरून आली. कपाळावर घाम, हातांना राळेचा वास. वाकून माझ्या पायांना हात लावला आणि तशीच वाकलेली राहून खालून विचारलं, “काय आत्या? बोल की.” सगळी गल्ली भोवती गोळा झालेली, नंदितासुद्धा कान देऊन. मी तिच्या दंडाला धरून तिला उभी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

“वाजवतेस चांगलं. वागतेस वाईट. घरी गेल्यावर तो फ्रिजवरचा कागद आधी काढ. आणि उद्यापासून त्या दाराला कडी घातलीस तर माझ्याशी गाठ आहे. दूध उतू गेलं तर जाऊ दे.”